कट-ऑफला कर्ता असतो!

"कॉन्व्हेंटवाली आणि मराठी विभागात लेख?" हा प्रश्न संपादकांपासून मेसच्या मावशींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. होय, केजीपासून दहावीपर्यंत मी इंग्रजीतच शिकले. मराठी घरात बोलायची आणि शाळेत फक्त एका पिरियडपुरती. पण कॉन्व्हेंटचा एक फायदा नक्की होतो, ग्रामर पक्कं होतं. फ्रेजल व्हर्ब्ज तर आमच्याकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले होते. 'कट' म्हणजे कापणे, इतकं सोपं प्रकरण नाही ते. 'कट इन' म्हणजे मध्येच तोंड घालणे, 'कट डाउन' म्हणजे कमी करणे, 'कट आउट' म्हणजे काढून टाकणे आणि 'कट ऑफ' म्हणजे तोडणे, वेगळं पाडणे.

आणि मग त्याचं नाम होतं. क्रियापद असताना दोन शब्द सुटे, जोर 'ऑफ'वर. नाम झालं की मध्ये छोटी रेघ येते (कधी तीही जाते) आणि जोर 'कट'वर येतो. म्हणून बघा, फरक ऐकू येतो. दिसायला एवढासा बदल. पण या एवढ्याशा बदलात एक फार मोठी गोष्ट हरवते असं मला वाटतं, आणि ती हरवल्याचे परिणाम आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये रोज दिसतात. हा लेख त्याबद्दल आहे.

'कट-ऑफ' हा शब्द माहीत नाही असा प्राणी आपल्या कॅम्पसवर सापडणार नाही. बारावीच्या उन्हाळ्यात आपण सगळ्यांनी तो शेकडो वेळा उच्चारलाय. पण गंमत म्हणजे अ‍ॅडमिशन झाल्यावरही तो पिच्छा सोडत नाही, फक्त अर्थ बदलून येतो. वेगवेगळ्या ब्रँचच्या मुलींना एका खोलीत बसवून विचारा 'कट-ऑफ म्हणजे काय गं?', आणि भांडण लागलं नाही तर सांगा.

आमच्या ईएनटीसीपासूनच सुरुवात करते. सेकंड इयरला ट्रान्झिस्टर शिकलो. त्याचे तीन प्रांत: कट-ऑफ, अ‍ॅक्टिव्ह आणि सॅच्युरेशन. बेस-एमिटरला पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही (सिलिकॉनला साधारण ०.७ व्होल्ट लागतात) की ट्रान्झिस्टर कट-ऑफमध्ये, कलेक्टर करंट जवळजवळ शून्य. 'जवळजवळ' म्हणतेय, कारण थोडी गळती तेव्हाही असतेच. पण कट-ऑफमधला ट्रान्झिस्टर बिघडलेला नसतो! बेसला हवं ते द्या, तो लगेच चालू. किंबहुना कॉम्प्युटरमधली सगळी शून्यं-एकं त्याच्या या बंद-चालू होण्यावरच उभी आहेत. कट-ऑफ ही त्या ट्रान्झिस्टरची त्या क्षणाची अवस्था आहे, त्याची लायकी नव्हे.

मग आला फिल्टर. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या, लो-पास फिल्टर तयार. सूत्रात टाकलं की कट-ऑफ फ्रिक्वेन्सी येते सुमारे १५९२ हर्ट्झ. नाव ऐकून वाटतं की १५९२ पर्यंत सगळं जातं आणि त्यापुढे भिंत. प्रत्यक्षात लॅबमध्ये लावून बघा. एक व्होल्ट इनपुट दिला तर १५०० हर्ट्झला आउटपुट मिळतो साधारण ०.७३ व्होल्ट आणि १७०० हर्ट्झला ०.६८. बस्स, एवढाच फरक! नेमक्या कट-ऑफवर ०.७०७. दहापट वर गेलात तरी दहावा हिस्सा येतोच. म्हणजे कट-ऑफच्या जागी निसर्गात खास काही घडत नाही. तिथे पॉवर निम्मी होते, आणि 'निम्मी झाली की कट-ऑफ म्हणूया' असं इंजिनिअर लोकांनी आपसात ठरवलंय. ती रेघ उपयोगाची आहे, तिच्याशिवाय डिझाइन होणार नाही. पण ती ओढलेली रेघ आहे, पडलेली भेग नाही.

मायक्रोवेव्हच्या लॅबमध्ये तर मला हा शब्द नव्याने आवडायला लागला. तिथे एक्स-बँडचं बेंच असतं, त्यावर पितळेची चौकोनी पोकळ नळी, म्हणजे वेव्हगाइड. डब्ल्यूआर-९० नावाच्या या नळीची आतली रुंदी २२.८६ मिलिमीटर. त्यामुळे तिची कट-ऑफ फ्रिक्वेन्सी ठरते सुमारे ६.५६ गिगाहर्ट्झ. त्याखालची लहर आत सोडली की ती पुढे जातच नाही, काही अंतरात विरून जाते. ३ गिगाहर्ट्झची लहर इथे 'नापास'. पण तीच लहर डब्ल्यूआर-२८४ या रुंद नळीत सोडा. त्या नळीची रुंदी ७२ मिलिमीटरच्या आसपास, कट-ऑफ सुमारे २.०८ गिगाहर्ट्झ. आता ती आरामात पार होते. लहर तीच, तिच्यात काडीचाही बदल नाही. बदलली ती नळीची रुंदी. म्हणजे कट-ऑफ हा लहरीचा गुण नाहीच मुळी, तो नळीचा गुण आहे.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेजारच्या खोलीतली मेकॅनिकलवाली म्हणते, आमचा कट-ऑफ सगळ्यात जुना. वाफेच्या इंजिनात पिस्टन निघाला की सिलिंडरमध्ये वाफ सोडतात आणि स्ट्रोकच्या मध्येच कुठेतरी ती बंद करतात. त्या बिंदूचं नाव कट-ऑफ. बंद केली म्हणून पिस्टन थांबत नाही. आत असलेली वाफ प्रसरण पावत पावत त्याला पुढे ढकलत राहते. उलट शेवटपर्यंत वाफ सोडत राहणं हाच उधळेपणा. जेम्स वॉटने १७८२ साली या प्रसरणाच्या कल्पनेचं पेटंट घेतलं ते कोळसा वाचवण्यासाठी. म्हणजे इथे खरं किफायतशीर काम कट-ऑफनंतर सुरू होतं!

सिव्हिलवालीचा कट-ऑफ जमिनीखाली. मातीचं धरण बांधताना त्याच्या पायाखाली खडकापर्यंत चर खणतात आणि चिकणमातीने भरून काढतात, म्हणजे पाणी खालून झिरपून जाणार नाही. तो कट-ऑफ ट्रेंच. आणि भूगोलात वाचलेलं आठवत असेल, तर नदी नागमोडी वाहता वाहता एखादं वळण सोडून सरळ वाट काढते, तोही कट-ऑफच. मागे राहिलेल्या वळणाचं तळं होतं. बिहारमधलं बेगुसरायजवळचं कांवर सरोवर हे बूढी गंडक नदीने असंच मागे ठेवलेलं. नदीने सोडलं, पण पक्ष्यांनी नाही सोडलं. २०२० मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला.

आता मराठीकडे येते. मराठीत या सगळ्याला एक शब्द नाही, आणि त्याचं मला आधी वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण मराठी एक गोष्ट करते जी इंग्रजी नाम करत नाही. मराठी विचारते, तुटलं की तोडलं? पुरामुळे गावाचा संपर्क 'तुटतो'. बिल थकलं तर वीज 'तोडतात'. तुटतं तेव्हा कर्ता शोधायची गरज नसते. तोडलं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: कुणी तोडलं? का तोडलं? इंग्रजीतही 'कट ऑफ' क्रियापद होतं तोवर 'कोणी' आणि 'कोणाला' हे सांगावं लागायचं. नाम झाल्याबरोबर कर्ता गायब! उरला फक्त 'कट-ऑफ', जणू आकाशातून पडलेला.

आणि आपण मराठी लोकांनी त्याला क्रियापद जोडलं ते कुठलं? 'लागला'. "सीओईपीचा कट-ऑफ किती लागला?" मराठीत काय काय लागतं बघा: निकाल लागतो, ठेच लागते, नजर लागते, सुतक लागतं. एकदा 'लागलं' म्हटलं की कुणी लावलं हे विचारायचं राहूनच जातं. आधीच बिनकर्त्याचं नाम, त्यात बिनकर्त्याचं क्रियापद. मग कट-ऑफ हा नशिबासारखा कपाळावर चिकटून बसला तर नवल काय!

हा नुसता व्याकरणाचा खेळ नाही. मुंबईतल्या झोपड्यांचंच बघा. पुनर्वसनात मोफत घराला पात्र ठरण्यासाठी एक कट-ऑफ तारीख असते. आधी ती १ जानेवारी १९९५ होती. २०१४ मध्ये कायदा बदलून ती १ जानेवारी २००० झाली. नंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपड्यांना पैसे भरून घर देण्याचं धोरण आलं. १९९५ च्या नियमात फेब्रुवारी १९९५ ला उभी राहिलेली झोपडी अपात्र, आणि २००० च्या नियमात तीच पात्र. झोपडी तीच, पत्रे तेच, राहणारी माणसं तीच. म्हणजे इथेही लहर तीच, नळी बदलली. आणि ही नळी निसर्गाने बनवलेली नाही. सरकारने तारीख ठरवली, सरकारने बदलली. कर्ता आहे! त्याला विनंती करता येते, त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो, त्याला जाब विचारता येतो.

आता आपल्या लाडक्या कट-ऑफकडे, म्हणजे कॅप राउंडच्या. तो असतो तरी काय? एखाद्या ब्रँचच्या एखाद्या प्रकारच्या जागांवर शेवटचा जो विद्यार्थी घेतला गेला, त्याचा पर्सेंटाइल. झालं. कुणी आधी बसून ठरवत नाही की एवढी बुद्धी लागेल. जागा वाढल्या तर तो उतरतो. एखाद्या वर्षी सगळ्यांना कॉम्प्युटर हवं असलं तर तो चढतो. पहिल्या फेरीत वेगळा, पुढच्या फेरीत वेगळा. यात तुमचा-माझा मेंदू कुठेच बदलत नाही. कट-ऑफ सांगतो तो रांगेबद्दल आणि जागांबद्दल. रांगेत उभ्या असलेल्या माणसाबद्दल तो फारच थोडं सांगतो.

"पण पर्सेंटाइल तर अचूक असतो ना, सात डेसिमलपर्यंत!" असं एक मैत्रीण म्हणाली. फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये आपल्याला पहिली गोष्ट काय शिकवली? मीटरवर जास्त आकडे दिसले म्हणजे माप जास्त अचूक झालं असं नाही. सात डेसिमल लागतात कारण लाखो मुलांना रांगेत एकामागे एक उभं करायचंय. पर्सेंटाइल म्हणजे किती जण तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत एवढंच. एका सकाळी, एका पेपरला. सातव्या डेसिमलने गणिताची समज मोजली जाते असं मानणं म्हणजे लॅबच्या साध्या मीटरने अणूचं वजन करण्यासारखं आहे.

आणि 'एक' कट-ऑफ तरी कुठे असतो? त्या पीडीएफमधले कोड आठवा. पुढे जी नाहीतर एल, मध्ये ओपन, ओबीसी, एससी, एसटी वगैरे, शेवटी एच, ओ किंवा एस. म्हणजे जनरल की लेडीज, कोणता प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी की बाहेरची की स्टेट लेव्हल. शिवाय टीएफडब्ल्यूएस, ईडब्ल्यूएस, डिफेन्स. आणि इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागा वेगळ्याच. प्रत्येक यादीचं शेपूट वेगळं. मी एल असलेल्या यादीतून आले. म्हणजे मुलींच्या जागेवर. मला आजवर कुणी म्हणालं नाही की "तुझा कट-ऑफ कमी होता." माझ्या खोलीपासून चार खोल्या पलीकडे एकीचे वडील सैन्यात आहेत, तिलाही कुणी म्हणत नाही. जास्त फी भरून आलेल्यांना तर कुणी चुकूनही विचारत नाही. कट-ऑफ आठवतो तो फक्त एकाच प्रकारच्या याद्यांचा. का, ते सगळ्यांना माहीत आहे.

स्पष्टच लिहिते. आमचं फर्स्ट इयर सुरू झालं त्या आठवड्यात हॉस्टेलच्या बोर्डावर खोल्यांची यादी लागली (बघा, पुन्हा 'लागली'!). तीत नाव, ब्रँच, खोली नंबर एवढंच हवं होतं. पण पुढे मेरिट नंबर आणि अ‍ॅडमिशनचा प्रवर्गही होता. वरून आलेली शीट होती तशी चिकटवली गेली असणार, कुणाच्या मनात वाईट नसेलही. पण दोन दिवसांत मेसमधली टेबलं बदलली. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला फार गोड आवाजात विचारलं गेलं, "तुझ्या लिस्टचा कट-ऑफ किती लागला गं?" हा प्रश्न गुणांचा नसतो. जात विचारायला लाज वाटते, म्हणून कट-ऑफ विचारतात.

पुढे काय होतं तेही बघितलंय. व्हायवात ती अडखळली तर "कट-ऑफ बघितलायस ना तिचा." त्याच व्हायवात दुसरी कुणी अडखळली तर "आज तिचा मूड नव्हता." चूक एकच, पण एकीची चूक प्रवर्गाच्या खात्यात जमा होते आणि दुसरीची त्या दिवसाच्या. आता तुम्हाला वाटेल, मी सांगणार की ती मुलगी नंतर टॉपर आली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. नाही आली. तिचा पॉइंटर सातच्या आसपास असतो. माझाही तेवढाच असतो. फरक एवढाच की मला माझ्या सातचं स्पष्टीकरण कुणाला द्यावं लागत नाही. टॉपर आल्याशिवाय माणसाला शांतपणे जेवता येऊ नये, ही कुठली अट?

"मग काय, कट-ऑफ नकोच का?" असं विचाराल. हवा. जागा साठ आणि अर्ज हजारो, तर कुठेतरी रेघ ओढावीच लागणार. प्रवर्गांच्या याद्याही हव्यात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना नळीच्या तोंडाशीही येऊ दिलं नाही, त्यांच्यासाठी नळीची रुंदी बदलणं हे चांगलं इंजिनिअरिंग आहे. माझं म्हणणं इतकंच की कट-ऑफचं काम गेटपाशी संपतं. वाफेच्या इंजिनासारखं. आत आल्यावर जे काम व्हायचं ते पुढच्या स्ट्रोकमध्ये. चार वर्षं गेटवरचा आकडा गळ्यात अडकवून फिरवायचा नसतो.

आणि हे काही मी एकटीच म्हणत नाही. २००७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्सबद्दल जो अहवाल दिला, त्यात हॉस्टेलमध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वेगळं पाडलं जाण्याची नोंद आहे. जुलै २०२३ मध्ये आयआयटी मुंबईने विद्यार्थ्यांना लेखी सूचना दिल्या की एकमेकांना जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा रँक किंवा गेटचा स्कोर विचारू नका, कारण त्यातून जात काढायचा प्रयत्न होऊ शकतो. जे पवईला लिहून सांगावं लागलं, ते आपल्याकडे लिहायची गरज नाही असं मानायचं काही कारण मला दिसत नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवते. एकीलाही पैसे लागत नाहीत.

पहिली हॉस्टेल ऑफिसला: यादीत नाव आणि खोली नंबर. बाकीचे कॉलम प्रिंट द्यायच्या आधी डिलीट करा. एक्सेलमध्ये दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरी आपल्या सीनियर मंडळींना, म्हणजे मलाही: नव्या मुलींच्या इंट्रोमध्ये "स्कोर किती? कुठल्या राउंडला?" हे प्रश्न बंद. त्याऐवजी गाव विचारा, घरून काय खायला आणलंय ते विचारा. (हा प्रश्न तसाही जास्त फायद्याचा आहे.)

तिसरी सर-मॅडमना, अगदी आदराने: "तुमच्या बॅचचा कट-ऑफच घसरलाय" हे वाक्य वर्गात सहज निघून जातं, सगळ्यांनाच उद्देशून. पण शेवटच्या दोन बाकांवर ते वेगळं ऐकू जातं. आमचं सर्किट चुकलं तर सर्किट चुकलं म्हणा, हवं तर ओरडा. ते आम्ही दुरुस्त करू शकतो. कट-ऑफ आम्हाला दुरुस्त करता येत नाही, तो आमचा नव्हताच कधी.

बाकी शब्दाशी माझं भांडण नाही. परीक्षेत कट-ऑफ फ्रिक्वेन्सी काढायला आली तर मी आनंदाने काढीन. फक्त यापुढे कुणी म्हणालं, "तिचा कट-ऑफ कमी होता," तर शांतपणे वाक्य दुरुस्त करा: तिच्या यादीतली शेवटची जागा अमुक पर्सेंटाइलला भरली. वाक्य लांबतं, बोलायला जरा अवघड जातं. पण त्यात कर्म काय आणि कर्ता कोण ते नीट दिसतं, आणि 'ती' त्यात कुठेच कमी पडलेली नसते.